इलेक्ट्रॉन मंद असणं वेगळं, आयन थंड असणं वेगळं

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहून एम.एस्सी. करणाऱ्या मुलीने तीन प्रश्न विचारले आहेत. पुस्तकात लिहिलंय की इलेक्ट्रॉन आणि धन आयन (म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू किंवा रेणू) एकमेकांना ओढतात आणि टक्कर जितकी मंद, तितका इलेक्ट्रॉन पकडला जाण्याचा संभव जास्त. मग आयन थंड करून मोजायची एवढी यातायात कशासाठी? जर्मनीतल्या स्टोरेज रिंगमध्ये, म्हणजे आयन गोल फिरवत साठवून ठेवणाऱ्या यंत्रात, आयन सेकंदाला हजारो किलोमीटर पळतो, त्याला थंड म्हणायचं कसं? आणि गावात बसून, लॅपटॉप आणि मोबाईलच्या नेटवर, या विषयात काही करता येईल का?

तिन्ही प्रश्न नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. आयन आणि इलेक्ट्रॉनच्या टकरींवर मी बरीच वर्षं स्टोरेज रिंगवर काम केलं आणि आता विदर्भातच शिकवतो. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाबद्दलही बोलता येईल.

आधी रेणूच्या आयनाचं एवढं महत्त्व का, ते बघ. आयनाच्या ओढीत सापडलेल्या इलेक्ट्रॉनकडे जादा ऊर्जा असते. ती कुठेतरी गेल्याशिवाय तो तिथे टिकत नाही. आयन एकट्या अणूचा असेल तर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सोडणं एवढा एकच मार्ग उरतो, आणि तो फार संथ आहे. इलेक्ट्रॉन येतो आणि बहुतेक वेळा तसाच निघून जातो. आयन रेणूचा असेल तर तीच ऊर्जा बंध तोडायला आणि तुकडे दूर फेकायला वापरली जाते, आणि तुकडे एकदा लांब गेले की इलेक्ट्रॉनला परत सुटता येत नाही. पुस्तकात याला विच्छेदी पुनर्संयोग म्हणतात, प्रयोगशाळेत डिसोसिएटिव्ह रिकॉम्बिनेशन किंवा नुसतं डीआर.

फरक किती पडतो त्याचा हिशेब आपल्याच आकाशावर करता येतो. जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटर वर आयनोस्फिअरचा, म्हणजे आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन असलेल्या वरच्या हवेचा, एफ थर आहे. तिथले आयन मुख्यतः ऑक्सिजनच्या सुट्या अणूंचे. एका घन सेंटिमीटरात एक लाख इलेक्ट्रॉन धर. अणूच्या आयनाने फोटॉन सोडून इलेक्ट्रॉन पकडायचा दर साधारण १० चा उणे १२ वा घात, एकक घन सेंटिमीटर प्रति सेकंद. दोन्हींचा गुणाकार करून उलट घेतलास की एक कोटी सेकंद येतात, म्हणजे जवळपास चार महिने. ऑक्सिजनच्या रेणूच्या आयनाचा डीआर-दर खोलीच्या तापमानाला साधारण २ गुणिले १० चा उणे ७ वा घात. त्याला तोच हिशेब लाव, ५० सेकंद येतात.

म्हणूनच एफ थर रात्रभर टिकतो. तिथल्या अणू-आयनाला आधी ऑक्सिजनच्या किंवा नायट्रोजनच्या रेणूशी प्रक्रिया करून रेणू-आयन बनवावा लागतो, आणि तो बनला की मग लगेच संपतो. खूप खाली असलेल्या डी थरात मात्र रेणूंचेच आयन असतात आणि हवाही दाट असते, त्यामुळे सूर्य मावळला की तो थर पाहता पाहता विरतो. रोही आणि रानडुकरांपासून हरभरा राखायला जागलीला गेलेल्या माणसाच्या रेडिओवर रात्री लांबलांबची मीडियम वेव्ह स्टेशनं लागतात, ती यामुळेच. दिवसा त्या लहरी शोषून घेणारा थर तेव्हा उरलेला नसतो. या विषयाचा जन्मही आयनोस्फिअरमधूनच झाला. वरच्या हवेतले इलेक्ट्रॉन एवढ्या लवकर नाहीसे कसे होतात याचा हिशेब जुळेना, म्हणून बेट्स आणि मॅसी या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये रेणू-आयनांकडे बोट दाखवलं, आणि १९५० मध्ये बेट्स यांनी त्याची यंत्रणा मांडली.

आता 'थंड' म्हणजे काय ते. इथे तीन वेगवेगळ्या गती आहेत, आणि तुझा गोंधळ झालाय तो त्या एकत्र धरल्यामुळे.

पहिली गती अख्ख्या झोताची. हीलियम हायड्राइडचा आयन, म्हणजे एक हीलियम आणि एक हायड्रोजन, ३०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचं छोटं एकक) ऊर्जेवर सेकंदाला सुमारे ३४०० किलोमीटर जातो. हायडेलबर्गच्या माक्स प्लांक अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेतली क्रायोजेनिक स्टोरेज रिंग ३५ मीटर घेराची आहे. म्हणजे तो सेकंदाला जवळपास एक लाख फेऱ्या मारतो. पण टक्कर ठरते ती दोघांमधल्या सापेक्ष वेगावर, आणि इलेक्ट्रॉन आपण त्याच दिशेने, जवळपास त्याच वेगाने आयनांच्या झोतात मिसळतो. ही झाली दुसरी गती. तिसरी गती आयनाच्या आतली, म्हणजे रेणूचं स्वतःभोवती फिरणं आणि कंप पावणं. पुस्तकातलं 'मंद टक्कर' हे वाक्य दुसऱ्या गतीबद्दल आहे. आम्ही 'थंड आयन' म्हणतो ते तिसरीबद्दल.

दुसरी गती आटोक्यात आणणं तुलनेने सोपं आहे, आणि त्यातलं एक गणित मला फार आवडतं. इलेक्ट्रॉनला आयनाइतकाच वेग द्यायचा तर त्याची ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात कमी लागते. आपल्या हीलियम हायड्राइडसाठी ती सुमारे ३३ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. आता इलेक्ट्रॉन गनचं व्होल्टेज एका व्होल्टने वाढवून ३४ कर. टकरीची ऊर्जा किती झाली? एक इलेक्ट्रॉनव्होल्ट नाही. ३४ चं वर्गमूळ वजा ३३ चं वर्गमूळ, आणि त्या फरकाचा वर्ग, म्हणजे साधारण ७.५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. तापमानात मोजलं तर नव्वद केल्व्हिनच्याही खाली. झोत एकत्र पळवल्यामुळे व्होल्टभराचा ढोबळ बदल टकरीत एवढा बारीक होऊन उतरतो. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनांच्या झोतातही थोडी पसरट गती असते, खालची मर्यादा तीच ठरवते, आणि म्हणून इलेक्ट्रॉन मुळातच थंड निघावेत यावर खूप मेहनत घेतली जाते. जड आयन असले तर काम आणखी अवघड होतं. आयनाचं वस्तुमान दहापट झालं की सोबतच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा तीन-साडेतीन इलेक्ट्रॉनव्होल्टवर येते, आणि इतक्या हळू इलेक्ट्रॉनांचा नीट झोत बांधणं सोपं नाही.

तिसऱ्या गतीवर मात्र व्होल्टेज चालत नाही. आयन तयार होतात डिस्चार्जसारख्या, म्हणजे वायूतून वीज सोडलेल्या, गरम जागी. तिथून निघतात तेव्हा ते जोरात फिरत आणि कंप पावत असतात. ती ऊर्जा घालवायची तर त्यांनी स्वतःच इन्फ्रारेड फोटॉन सोडत सोडत खाली उतरायला हवं, आणि आपण थांबायला हवं. एकदाच एकमेकांना छेदून जाणाऱ्या झोतांच्या जुन्या प्रयोगांत थांबायला जागाच नव्हती. रिंगमध्ये आयन सेकंदच काय, मिनिटंही फिरवत ठेवता येतात, म्हणून रिंग.

मग अख्खी रिंग गार का करायची? आपल्याकडे मे महिन्यात स्लॅबच्या घरात रात्री बारा वाजताही भिंती गरमी फेकत असतात. माणूस कितीही पडून राहिला तरी त्याला गारवा मिळत नाही, म्हणून लोक अंगणात बाज टाकून उघड्या आभाळाखाली झोपतात. खोलीच्या तापमानाच्या रिंगमध्ये आयनाचं हेच होतं. तो फोटॉन सोडतो, पण ३०० केल्व्हिनच्या भिंती त्याला तेवढेच परत देतात, आणि तो ३०० केल्व्हिनच्या आसपास अडकतो. हायडेलबर्गची रिंग १० केल्व्हिनच्याही खाली ठेवतात. तिथे भिंतींकडून जवळपास काहीच येत नाही. शिवाय उरलीसुरली हवा त्या गार भिंतींवर गोठून बसते, त्यामुळे आयन वाटेत कशाला आपटून वाया जात नाहीत. ही रिंग चुंबकांवर नाही, विद्युत क्षेत्रांवर चालते. त्यामुळे दिलेल्या व्होल्टेजला हलका आयन असो की जड, सारखाच वळतो. स्टॉकहोमला डेझिरे नावाची अशीच गार यंत्रणा आहे, तिच्यात दोन रिंगा आहेत.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देता येईल. हीलियम हायड्राइडची फिरण्याची सर्वांत खालची अवस्था आणि तिच्या वरची पहिली अवस्था यांत ८.३ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टचं अंतर आहे. दहा केल्व्हिनच्या टकरीत इलेक्ट्रॉन आणतो एक मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षाही कमी. म्हणजे रेणूच्या एका पायरीची ऊर्जा टकरीच्या ऊर्जेच्या जवळपास दहापट आहे. आयन एक पायरी वर असला तरी तो इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने वेगळाच आयन झाला. इलेक्ट्रॉन आयनाजवळ आला की काही काळ लांबच्या कक्षेत अडकून राहू शकतो, आणि त्या वेळात रेणूच्या फिरण्याशी ऊर्जेची देवाणघेवाण होते. त्यातून बंध तुटेल की इलेक्ट्रॉन परत निघून जाईल, हे फिरण्याच्या अवस्थेवर ठरतं. टक्कर कितीही मंद केली तरी आयन आतून गरम असेल, तर मिळणारा आकडा गरम आयनाचाच. तो ताऱ्यांमधल्या दहा केल्व्हिनच्या वायूच्या ढगाला लावायचा नसतो. जुन्या तक्त्यांत हे वर्षानुवर्षं झालं, कारण दुसरा आकडाच उपलब्ध नव्हता.

हीलियम हायड्राइडवर हे मोजमाप २०१९ मध्ये झालं, आणि माझ्या मते या क्षेत्रातला अलीकडचा तो सर्वांत स्पष्ट प्रयोग आहे. तो मोजतात कसा ते सांगतो, म्हणजे नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवावा लागणार नाही. डीआर झाला की हीलियम आणि हायड्रोजन दोन्ही विद्युतभाररहित होतात. रिंगच्या वळणावर आयन वळतात, पण हे दोघे सरळ जातात आणि समोरच्या डिटेक्टरवर आपटतात. पडद्यावर एकाच क्षणी दोन ठिपके उमटतात. या प्रक्रियेत हायड्रोजन बहुधा पहिल्या उत्तेजित अवस्थेत सुटतो आणि तुकड्यांना साधारण दीड इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात. तीन लाखांच्या तुलनेत ते काहीच नाही, म्हणून काही मीटर उडेपर्यंत दोन ठिपके फार तर एक-दोन सेंटिमीटर फाकतात. हायड्रोजनचा ठिपका मध्यापासून हीलियमच्या चौपट लांब, कारण तो चौपट हलका. ठिपक्यांमधलं अंतर पाहून किती ऊर्जा सुटली, तुकडे कोणत्या अवस्थेत गेले, हे वाचता येतं. आयन रिंगमध्ये घातल्यावर सुरुवातीच्या सेकंदांत एक दर येतो. थांबत गेलं, आयन एकेक पायरी उतरत गेले, की दर बदलत जातो. त्या बदलातूनच प्रत्येक अवस्थेचा दर वेगळा काढता येतो.

निष्कर्ष असा निघाला की सर्वांत खालच्या अवस्थांतले आयन खोलीच्या तापमानाच्या मोजमापांपेक्षा खूपच कमी दराने मोडतात. हीलियम हायड्राइड हा विश्वात बनलेला पहिला रेणू मानला जातो. तो इलेक्ट्रॉनकडून कमी मोडत असेल, तर पहिले तारे बनण्याच्या काळात तो आधी धरला होता त्यापेक्षा जास्त उरलेला असणार.

योगायोगाने त्याच वर्षी हा आयन अंतराळातही पहिल्यांदा सापडला. प्रयोगशाळेत तो १९२५ पासून माहीत होता. हंस तारकासमूहातल्या एनजीसी ७०२७ या ग्रहीय तेजोमेघात, म्हणजे मरत्या ताऱ्याने फेकलेल्या वायूत, त्याची १४९ मायक्रोमीटरची रेषा दिसली. वातावरणातली पाण्याची वाफ ही लांबी जमिनीपर्यंत पोचू देत नाही, म्हणून बोइंग ७४७ मध्ये बसवलेल्या सोफिया दुर्बिणीतून ती पाहावी लागली. १४९ मायक्रोमीटरचं ऊर्जेत रूपांतर करून बघ: ८.३ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. रिंगमध्ये शेवटची पायरी उतरताना आयन जो फोटॉन सोडतो, तोच तिथून आला होता.

सगळे आयन असे उतरत नाहीत. फोटॉन सोडून फिरणं कमी करायला रेणूच्या भारांत असमतोल लागतो. ऑक्सिजनच्या रेणूचा आयन दोन्ही बाजूंनी सारखा. कितीही वेळ गार रिंगमध्ये ठेवला तरी तो फारसा थंड होत नाही. रात्रीच्या आकाशात २५० किलोमीटरच्या आसपास ६३० नॅनोमीटरची जी मंद लाल दीप्ती असते, ती याच आयनाच्या डीआरमधून निघालेल्या उत्तेजित ऑक्सिजन अणूंची. तिच्यातही आयन कोणत्या कंपन-अवस्थेत होता यावर किती अणू उत्तेजित निघतात ते ठरतं.

तीन हायड्रोजनचा एचथ्री-प्लस आयनही असाच सममित. त्याची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो. जे. जे. टॉमसन यांना तो १९११ मध्ये सापडला. ओका यांनी १९८० मध्ये त्याचा वर्णपट नोंदवला. अंतराळात तो १९९६ मध्ये दिसला. तारकांमधल्या ढगांतलं बरंचसं रसायनशास्त्र याच्यापासून सुरू होतं, पण इलेक्ट्रॉन त्याला किती वेगाने मोडतो यावर कित्येक वर्षं एकमत नव्हतं. वेगवेगळ्या प्रयोगांचे आकडे दहापट-शंभरपट वेगळे येत, आणि ऐंशीच्या दशकात तर सिद्धांताने सांगितलं की हा दर जवळपास शून्य असावा. एचथ्री-प्लस स्वतः उतरत नाही, म्हणून उपाय मुळातच केला गेला. वायू दाबाखाली बारीक छिद्रातून निर्वातात सोडला की तो प्रसरण पावताना गार होतो. अशा स्रोतातून आधीच थंड झालेले आयन स्टॉकहोमच्या क्रायरिंग या स्टोरेज रिंगमध्ये घातले गेले. दर मोठा निघाला, १० चा उणे ७ वा घात या श्रेणीतला. २००१ पासून कोकोउलिन आणि ग्रीन या सिद्धांतकारांच्या गणितानेही कारण दाखवलं: तिन्ही अणूंच्या मांडणीतली सममिती मोडणारं कंपन इलेक्ट्रॉनला पकडून ठेवायला मदत करतं, आणि आधीच्या सिद्धांतात ते धरलेलं नव्हतं.

२००३ मध्ये हा दर ययाती तारकासमूहातल्या झीटा पर्सेई ताऱ्यासमोरच्या विरळ ढगाला लावला गेला. तिथे एचथ्री-प्लस अपेक्षेपेक्षा बराच जास्त दिसत होता. मोडण्याचा दर पक्का आणि मोठा असेल, तर जास्त आयन दिसण्याचं कारण एकच उरतं, ते बनतच जास्त आहेत. त्या ढगात कॉस्मिक किरण, म्हणजे अंतराळातले अतिवेगवान कण, हायड्रोजनचं आयनन आधी मानलं होतं त्याच्या ४० पट करत असावेत, असा निष्कर्ष निघाला. आयन किती थंड आहे याची काळजी एका प्रयोगशाळेत घेतली, आणि दूरच्या ढगातल्या कॉस्मिक किरणांचा आकडा बदलला.

एक गोष्ट अजून, कारण ती पुस्तकांत उशिरा येईल. इलेक्ट्रॉन आयनाला मोडतोच असं नाही. तो त्याचं फिरणं वाढवूही शकतो आणि कमीही करू शकतो. हायडेलबर्गच्या रिंगमध्ये कार्बन-हायड्रोजनच्या आयनावर लेझरने फिरण्याच्या अवस्था तपासल्या, तेव्हा दिसलं की सोबत थंड इलेक्ट्रॉन असले की आयन नुसत्या फोटॉन सोडण्यापेक्षा लवकर थंड होतात. म्हणजे मोजणारा इलेक्ट्रॉन मोजमापाच्या आधीच आयनाची अवस्था बदलत असतो, आणि विश्लेषणात तेही धरावं लागतं.

आता तिसरा प्रश्न. रिंग गावात उभी राहणार नाही, पण या क्षेत्राचं बरंचसं काम गणिताचं आहे आणि ते दारव्ह्यातूनही होतं. लाईट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर छोटं गणित निभतं. दरांचे तक्ते, यूमिस्ट आणि कीडा या नावांचे, सगळ्यांसाठी खुले आहेत. इलेक्ट्रॉन-रेणू टकरींचे आर-मॅट्रिक्स प्रोग्राम, यूकेआरमॉल-प्लस नावाचे, तेही खुले आहेत. पण तिथून सुरुवात करू नकोस. त्याला क्वांटम केमिस्ट्रीची तयारी लागते, आणि मार्गदर्शक नसताना वर्ष वाया जाऊ शकतं. पुढे जायचंच असेल तर क्वांटम डिफेक्ट थिअरी, म्हणजे आयनाच्या ओढीतल्या इलेक्ट्रॉनचं गणित, हाताने, कागदावर, एका चॅनेलपासून शिक.

पहिलं काम हे कर. इंटरनॅशनल रेफरन्स आयनोस्फिअर नावाचं मॉडेल ऑनलाइन फुकट वापरता येतं. त्यात तुझ्या गावाचे अक्षांश-रेखांश आणि एखादी रात्र घाल, इलेक्ट्रॉन आणि आयनांच्या घनता मिळतील. मग दोन समीकरणं लिही: ऑक्सिजनचा अणू-आयन रेणूशी प्रक्रिया करून रेणू-आयन बनवतो, आणि रेणू-आयन इलेक्ट्रॉनने संपतो. सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत ती पायथॉनमध्ये सोडव. नंतर डीआरचा दर दुप्पट करून पुन्हा चालव. इलेक्ट्रॉनांची घनता जवळपास तीच राहील, कारण संथ पायरी पहिली आहे. रेणू-आयनाची घनता मात्र निम्मी होईल. आणि सेकंदाला किती लाल फोटॉन निघतात ते काढलंस, तर तेही बदललेले नसतील. ते बदलायला आयनांची कंपन-अवस्था बदलावी लागते. हे का, ते समीकरणात शोध. बनणं आणि मोडणं समान धरण्याचा हाच हिशेब झीटा पर्सेईच्या ढगाला लावला होता. आलेख तयार झाले की पाठव, पुढचं त्यावरून बोलू.